परिग्रहाचे परिमाण

सुरतेत कतारगामचे नाव पूर्वी पापडीसाठी घेतले जाई. उंधियूत पडणाऱ्या त्या कोवळ्या शेंगांच्या जमिनीवर आज हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या घंट्या, म्हणजे घासण्याची चाके, फिरतात, आणि ज्या मातीने शेजारच्या चुलीची चिंता वाहिली ती आता समुद्रापलीकडील अपरिचित बोटांतील अंगठ्यांवर आपला उदरनिर्वाह करते. या पालटात मला एक जुना धर्मप्रश्न नव्याने उभा राहिलेला दिसतो: उपभोग हा आत्म्याला बंध की समाजाला आधार?

हिऱ्यांच्या या व्यापारात जैन घराण्यांचा मोठा वाटा, आणि जैन श्रावकाच्या बारा व्रतांत परिग्रह-परिमाण व भोगोपभोग-परिमाण, म्हणजे संचयाची आणि उपभोगाची मर्यादा, ही दोन व्रते स्वतंत्रपणे सांगितलेली आहेत. इकडे अर्थशास्त्र सांगते की भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे तीन पंचमांश भाग कुटुंबांच्या खर्चातूनच उभा राहतो. तेव्हा सर्वांनी हात आखडला तर व्रत पाळले जाईल, पण दुकान, कारखाना आणि रोजगार कशावर चालतील?

2008 साली अमेरिकेतील मागणी आटली आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरतेतील अनेक हिरे कारखान्यांची कुलुपे उघडलीच नाहीत. नगावर मजुरी घेणारा रत्नकलाकार, म्हणजे हिरे घासणारा कारागीर, ज्याच्यापाशी महिनाअखेरीस क्वचितच शिल्लक उरते, त्याच्या घरात भाजीचा खर्च प्रथम आटला, मग मुलांच्या फीचा, मग किराण्याची उधारी थकली. कित्येक कुटुंबे सौराष्ट्रातील आपल्या गावी परतली. हात आखडला होता खरा, पण त्यास त्याग म्हणण्याचे धाडस मला होत नाही; त्याग हा ज्याच्या मुठीत काही आहे त्याचाच अधिकार आहे, आणि रिकाम्या मुठीला वैराग्य शिकविणे हा मला धर्माचा अपमान वाटतो.

रिकाम्या मुठीचे मापही उपभोगानेच घेतले जाते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील दांडेकर आणि रथ यांनी 1971 साली भारतातील दारिद्र्य मोजताना हाती घेतले ते घरखर्चाचेच माप: 1960-61 च्या भावाने खेड्यात दरडोई दरमहा 15 रुपये, शहरात साडेबावीस. हे आकडे पाहिले की उपभोग हा शब्द आपण विलासाशी जोडतो ती चूक ध्यानात येते, कारण या मापातील उपभोग म्हणजे डाळ, ज्वारी, रॉकेल आणि वर्षाकाठचे एखादे धोतर. याच उपभोगात वाढ झाली तर गिरणीला गिऱ्हाईक मिळते, शेतकऱ्याला भाव मिळतो. आणि हे गिऱ्हाईक दूरदेशीच्या श्रीमंतीच्या लहरीवर अवलंबून नसते.

व्रतकारांनी शब्द योजिला तो परिमाण, अभाव नव्हे. परिमाण ठरविण्यास आधी मोजण्याजोगे काही घरात यावे लागते. आणि कतारगामातील कारखानदाराने आपल्या परिग्रहाची मर्यादा आखून तिच्यापलीकडचे द्रव्य घंटीवर वाकलेल्या माणसाच्या मजुरीत घातले, तर व्रत त्याचे पुरे होईल आणि किराण्याची उधारी त्या माणसाची फिटेल.