नाभीय अंतर आणि नैतिक अंतर

रस्त्यावरील छायाचित्रणात भिंगाचे नाभीय अंतर, म्हणजे व्यवहारातील ‘फोकल लेंग्थ’, किती असावे हा प्रश्न सामान्यतः तांत्रिक मानला जातो. २८, ३५ की ५० मिलिमीटर ही निवड सवयीची वा आवडीनिवडीची बाब समजून समीक्षा तिच्याकडे दुर्लक्ष करते. परंतु या निवडीविषयी खुद्द छायाचित्रकार ज्या भाषेत बोलतात, ती तंत्राची नसून नीतीची असते. जवळ जाणारा धीट आणि प्रामाणिक, दुरून टिपणारा चोरटा, असे एक पक्ष म्हणतो. दूर राहणारा संयमी आणि जवळ जाणारा आक्रमक, असे दुसरा. भिंगाला अशी विशेषणे खरोखर लागू पडतात काय?

प्रथम प्रकाशशास्त्रातील एक वस्तुस्थिती ध्यानात घ्यावयास हवी. यथादर्शन, म्हणजे जवळच्या आणि दूरच्या वस्तूंचे परस्परप्रमाण, हे भिंगावर अवलंबून नसते. ते छायाचित्रकार कोठे उभा आहे यावर अवलंबून असते. भिंग केवळ दृश्याचा किती भाग चौकटीत येईल हे ठरविते. २४ × ३६ मिलिमीटरच्या चौकटीत २८ मिलिमीटरचे भिंग कर्णरेषेवर सुमारे ७५ अंशांचा कोन व्यापते, ५० चे सुमारे ४७ अंशांचा, तर २०० चे अवघ्या १२ अंशांचा. १.८ मीटर उंचीच्या माणसाने उभी चौकट भरावी असे वाटत असेल, तर २८ च्या भिंगाला त्याच्यापासून सुमारे १.४ मीटरवर, ५० ला अडीच मीटरवर आणि २०० ला १० मीटरवर उभे राहावे लागते. म्हणजेच भिंगाची निवड ही वस्तुतः परक्या माणसापासून किती अंतरावर उभे राहावयाचे याची निवड असते. तंत्राच्या परिभाषेत दडलेला नैतिक प्रश्न येथे प्रकट होतो.

१.४ मीटरवरचा माणूस छायाचित्रकाराला पाहू शकतो, हटकू शकतो, तोंड फिरवू शकतो. १० मीटरवरच्या माणसाला, विशेषतः गर्दीत, यांपैकी काहीच सहजी शक्य नसते. फिलिप-लॉर्का दिकॉर्शिया यांनी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये दिवे आधीच बसवून दुरून लांब भिंगाने पादचाऱ्यांचे चेहरे टिपले. ‘हेड्स’ ही मालिका २००१ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी एका पादचाऱ्याने आपल्या धर्मश्रद्धेचा दाखला देऊन न्यायालयात आक्षेप घेतला. २००६ साली न्यायालयाने ती छायाचित्रे कलेच्या कक्षेत येतात असे मानून छायाचित्रकाराच्या बाजूने निर्णय दिला. कायद्याचा प्रश्न तेथे मिटला. पण जो आक्षेप जागच्या जागी एका हाताच्या इशाऱ्याने नोंदविता आला असता, त्यासाठी त्या माणसाला न्यायालयात जावे लागले, ही गोष्ट उरतेच.

यावरून सामीप्य म्हणजेच सचोटी असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. वॉकर इव्हान्स यांनी १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत समोरच्या बाकावरील प्रवाशांची छायाचित्रे कोटाआड लपविलेल्या कॅमेऱ्याने घेतली. अंतर हातभर, पण प्रवाशांना त्याची वार्ता नव्हती. ही छायाचित्रे पुस्तकरूपाने आली ती १९६६ साली. रुंद कोनाच्या भिंगाचा लपंडाव याहून सूक्ष्म असतो. कॅमेरा आपल्याकडे रोखलेला नाही असे कडेच्या माणसाला वाटते, आणि तरीही तो चौकटीत असतो. पॉल स्ट्रँड यांनी १९१६ साली टिपलेली अंध स्त्री तर या साऱ्या युक्तिवादाची सीमारेषाच दाखविते. तिच्याकडून दृष्टीचा परतावा कोणत्याही अंतरावरून संभवत नव्हता. तेव्हा अंतर कमी करणे ही प्रत्युत्तराची आवश्यक अट असू शकेल. ती पुरेशी अट नव्हे.

साहित्यसमीक्षेला हा पेच अपरिचित नाही. जेरार जेनेत यांनी १९७२ साली कथनमीमांसेत ‘फोकलायझेशन’ ही संज्ञा रूढ करताना कोण बोलतो आणि कोण पाहतो हे दोन प्रश्न वेगळे केले. परंतु पाहणारा कोठून पाहतो हे सांगितल्याने पाहिला जाणारा त्याला उत्तर देऊ शकतो काय, हे कळत नाही. पात्राच्या अगदी अंतरंगात शिरणारे निवेदनही त्या पात्राला गप्प करू शकते. दलित साहित्याच्या निमित्ताने मराठीत झालेल्या चर्चेतही जवळीक, सहानुभूती आणि बोलण्याचा अधिकार या तीन भिन्न गोष्टी आहेत, हेच पुन्हा पुन्हा पुढे आले.

आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९५२ सालच्या ग्रंथाच्या दोन शीर्षकांत हा प्रश्न जणू गोठून राहिला आहे. मूळ फ्रेंच शीर्षकात घाईघाईने, चोरटेपणाने उरकलेल्या कृतीचा ध्वनी आहे. इंग्रजी आवृत्तीने त्या जागी ‘निर्णायक क्षण’ ठेवला आणि पुढील समीक्षेने तोच शब्द उचलला. क्षणाचे कौतुक झाले, चोरटेपणाची कबुली मागे पडली. वस्तुतः प्रामुख्याने ५० मिलिमीटरच्या भिंगावर विसंबणाऱ्या या छायाचित्रकाराचा एक निर्णय त्या क्षणाच्या कितीतरी आधी, घराबाहेर पडतानाच, झालेला असे. गॅरी विनोग्रँड यांनी २८ चे भिंग जवळ केले, तोही तसाच निर्णय. स्थिर नाभीय अंतराचे भिंग छायाचित्रकाराला पायांनी अंतर कापावयास लावते. झूम भिंग त्याला त्यातून सूट देते. आता उच्च विभेदनाच्या संवेदकावरील प्रतिमा मागाहून कापून २८ ची चौकट ५० ची करता येते. चौकट अशी नंतर बदलता येते, उभे राहण्याची जागा बदलता येत नाही.

म्हणून नीती भिंगात नाही, आणि अंतराच्या आकड्यातही नाही. आपल्याकडे पाहणाऱ्याला नकार देण्याची संधी समोरच्या माणसाला मिळते की नाही, यात ती आहे. भिंगाची निवड ही संधी निर्माण करू शकते किंवा आधीच हिरावून घेऊ शकते. ती दिल्यावर मिळालेल्या नकाराचे काय करावयाचे, हे मात्र कोणतेही भिंग ठरवू शकत नाही.