दफ्तर कोणाची अमानत?

पांढरकवड्याकडच्या एका कोलाम पोडावर (वस्तीला इकडे पोडच म्हणतात) एका म्हाताऱ्या बाबांनी आम्हाला विचारले, "तुमच्या पुस्तकात आमचं काई लिहून हाय का?"

लिहिलेले पुष्कळ आहे, पण ते वाचायला यवतमाळ सोडावे लागते. रसेल आणि हिरालाल यांचे 1916 चे चार खंड इंग्रजीत. एमेनो यांचे कोलामी भाषेवरचे पुस्तक 1955 साली निघाले, तेही अमेरिकेत. मध्यप्रांत-वऱ्हाडची दफ्तरे नागपूरच्या अभिलेखागारात, आदिवासी संशोधन संस्था पुण्याला. 1853 पर्यंत वऱ्हाड निजामाच्या अंमलाखाली. त्याआधीचा कागद शोधायचा तर हैदराबाद, आणि लिपी फारसी. पैनगंगेपलीकडे आदिलाबादला याच लोकांच्या सोयऱ्यांचा कारभार पुढे उर्दूत चालला.

इथे आमच्यावर जबाबदारी येते. ही लिपी वाचणारी माणसे आमच्या घरांत अजून आहेत, उद्या असतील की नाही कोण जाणे. सेतुमाधवराव पगडी फारसी-उर्दूचे जाणकार, हैदराबाद संस्थानच्या सेवेतले. त्यांनी गोंडी शिकून घेतली, कोलामीचे व्याकरण लिहिले. आम्हाला लिपी घरबसल्या मिळाली आणि आम्ही ती गझलेपुरती ठेवली.

पण वाचून दाखवायचे तरी काय? सरकारने लिहिले ते सारा, जंगल आणि गुन्हा यांपुरते. 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्यांवर जन्मापासून शिक्का मारला. कायदा 1952 साली गेला, कागदावरचा शिक्का राहिला. तो नातवाला वाचून दाखवावा का? आम्हाला वाटते, दाखवावा. अमानत परत करताना त्यातले बोचणारे काढून घेण्याचा हक्क सांभाळणाऱ्याला नसतो. मात्र आधी विचारावे.

आणि कागद नसेल तर? 2006 च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदनही पुरावा म्हणून चालते. संशोधक मात्र त्याच म्हाताऱ्याच्या शब्दाला छापील आधार मागतो. आम्हीही मागत होतो.

पुढच्या खेपेस आम्ही एका पानाची झेरॉक्स नेली, मराठी करून वाचली. बाबांनी शांतपणे ऐकले.

"हे सांगितलं कोणं? त्याचं नाव?"

पान उलटून पाहिले. लिहिणाऱ्याचे नाव होते, सांगणाऱ्याचे नव्हते. मग वही उघडून आम्ही म्हणालो, "बाबा, तुमचं लिहू का?"

"पोरायले विचारून सांगतो."