हात मागे बांधून

आमच्या सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांत उधारी मागता येते आणि चारही भाषांत नकार मिळतो. पाचवी भाषा मोबाइलची. ती पुष्कळांना येत नाही, म्हणून आमच्या वाचनालयानं रविवारी सकाळी तिचा वर्ग काढला. ‘बँकेत आहात म्हणजे तुम्हांला येतच असणार’ अशा गोड गैरसमजातून ग्रंथपालबाईंनी प्रस्तुत लेखकाला गुरुजी नेमलं. मी नुसता बी. कॉम. आहे हे सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही.

वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती वर्ग भरला. एक रिक्षावाले चाचा, विड्या वळणाऱ्या एक तेलुगू अक्का आणि कानडी पेन्शनर आप्पा. आप्पांना हयातीचा दाखला पाठवायचा होता. ही डिजिटल सोय २०१४ सालापासून आहे. आता फोनसमोर नुसता चेहरा धरूनही भागतं. मात्र जिवंतपणाची खूण म्हणून डोळे मिचकवावे लागतात, आणि आप्पा नेमके नको तेव्हा मिचकवायचे.

अक्कांनी फोन माझ्यापुढे सरकवला. “तुमीच दाबा की ओ साहेब,” म्हणत पिनचे चारही आकडे त्यांनी खणखणीत आवाजात सांगितले. पेपर वाचणाऱ्या दोन गृहस्थांनी माना वर केल्या. मी बटणं दाबली, शिल्लक सांगितली, अक्कांनी हात जोडले. दोन मिनिटांत पुण्य! पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या रविवारी बाई म्हणाल्या, “वर्ग घेताय की शाखा उघडलीय?” आणि नियम ठरला : शिकवणाऱ्यानं हात मागे बांधायचे.

मला रागच आला. ज्याला येत नाही त्याला करून द्यायचं नाही, हा कुठला धर्म? बावीस वर्षं मी लोकांच्या स्लिपा भरून दिल्या. माझ्याच खिडकीपुढे सगळ्यांत लांब रांग असते आणि तिला मी लोकप्रियता समजत आलो. तीच माणसं, त्याच स्लिपा, दर महिन्याला. एकालाही भरायला शिकवलं नाही. शिकवलं असतं तर रांग आटली असती, नमस्कारही आटले असते.

आप्पांचं काम मात्र मी नियम मोडून करून दिलं. चौऱ्याऐंशीव्या वर्षी, थरथरत्या हातांच्या माणसाला शिकवत बसणं म्हणजे छळ. पण अक्का? हजारांच्या हिशेबानं विड्या वळणाऱ्या बोटांना चार आकडे जड कसे जातील?

“आधी शिल्लक कोण सांगायचं?” मी विचारलं.

“शेजारचा पोरगा. दहा रुपये घेतो. तो म्हनंल ती शिल्लक. ब्यांकेत इचारलं तर तिथला साहेब म्हनला, फोनात बघा.”

तो साहेब कोण, हे मी विचारलं नाही. मीही रोज दहाजणांना हेच सांगतो.

हात मागे बांधून मी शिकवलं. पिन लागतो तो पैसे देताना आणि शिल्लक बघताना; पैसे घ्यायला पिन लागत नाही, मागणारा लबाड. एवढ्याला पाऊण तास गेला. मागे माझी बोटं नुसती वळवळत होती. दोनदा आकडे चुकले. तिसऱ्यांदा अक्का थबकल्या, पदर फोनवर ओढला आणि म्हणाल्या, “साहेब, तिकडं बघा की ओ.”

मी निमूटपणे कपाटातल्या कादंबऱ्यांकडे पाहू लागलो. शिल्लक किती निघाली, ते त्यांनी मला सांगितलं नाही.