पट्ट्यातील देह: तप की दंड?

वाढीच्या वयात पाठीचा कणा बाजूला झुकत जाऊन स्वतःभोवती पिळला जाण्याच्या विकाराला स्कोलिओसिस म्हणतात; क्ष-किरण चित्रावर मोजलेला हा बाक, म्हणजे कॉब कोन, किमान १० अंशांचा असेल तर त्याची गणना या विकारात होते. किशोरवयीनांपैकी बहुतेकांत त्याचे निश्चित कारण सापडत नाही, आणि मोठा बाक मुलांपेक्षा मुलींत कितीतरी अधिक आढळतो. वैद्यकाच्या या कबुलीपाशीच धार्मिक प्रश्न उभा राहतो, कारण शास्त्र जिथे थांबते ती जागा समाज रिकामी ठेवत नाही. जळगाव जिल्ह्यात वाघूर नदीच्या खोऱ्यातील पहूरसारख्या गावात काय, किंवा मोठ्या शहरात काय, गरोदरपणी न पाळलेले ग्रहण आणि पूर्वजन्मीचे पाप ही दोन उत्तरे तयार असतात. पहिल्यात दोष आईच्या पदरी पडतो, दुसऱ्यात खुद्द मुलीच्या.

वेदान्तात कर्माचे तीन प्रकार सांगितले आहेत: साठलेले ते संचित, या देहाबरोबर फळाला आलेले ते प्रारब्ध आणि आज हातून घडत असलेले ते क्रियमाण. बाक हे प्रारब्ध मानले तरी त्यावरचा उपचार क्रियमाणात मोडतो. म्हणजे कर्मसिद्धान्त नीट वाचला तर तो हात जोडून बसण्याची मुभा देत नाही. शिवाय महाभारताच्या वनपर्वातील अष्टावक्राच्या कथेत आठ ठिकाणी वाकलेल्या देहाचे कारण पित्याचा शाप हे आहे. गर्भातून वडिलांच्या वेदाध्ययनातील उणीव दाखवल्याबद्दल तो मिळाला. मुलाच्या पूर्वपापाला तिथे कारण केलेले नाही, हे आजच्या दोष देणाऱ्यांनी पाहण्यासारखे आहे.

खरी गुंतागुंत उपचारात आहे. साधारण २५ ते ४० अंशांचा बाक असून वाढ शिल्लक असेल तर काखेपासून नितंबांपर्यंत धड आवळणारा कडक प्लास्टिकचा पट्टा, म्हणजे ब्रेस, रोज सोळा-अठरा तास किंवा त्याहूनही अधिक काळ, वाढ थांबेपर्यंत वापरावा लागतो. त्याचे मुख्य काम बाक वाढू न देणे हे आहे. कणा कायमचा सरळ करण्याचे वचन तो देत नाही. अमेरिका व कॅनडातील रुग्णालयांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पट्टा वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांखाली राहिला, तर केवळ देखरेखीखाली असलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. जितके तास पट्टा अधिक, तितके यश अधिक, असेही दिसले. या आकड्यांतून लाभ स्पष्ट होतो, पण त्यातच एक तात्त्विक पेचही दडला आहे, कारण पट्ट्याविनाही निभावले असते अशांपैकी आपण होतो की नाही, हे कोणत्याही मुलीला कधीच कळणार नाही. फळ हाती न लागता कर्म करत राहण्याची गीतेची अपेक्षा इथे तेरा-चौदा वर्षांच्या मुलीकडून, जळगावच्या पंचेचाळीस अंशांपर्यंत चढणाऱ्या उन्हाळ्यात, घामाने कातडी सोलवटत असताना केली जाते.

म्हणून वडीलधारी मंडळी या सहनशीलतेला सहज तप म्हणतात. परंतु तप स्वेच्छेने पत्करायचे असते. दुसऱ्याने लादलेले क्लेश, ते कितीही हिताचे असोत, सोसणाऱ्याला दंडासारखेच वाटतात. वर्गात वाकून वही उचलता न येणे, जमिनीवर मांडी घालून बसताना होणारी अडचण, गणवेशाखालून दिसणारा फुगवटा, या गोष्टी देहाबद्दलची लाज पक्की करतात. त्यात घरचा विसंवाद भर घालतो: लग्न जमावे म्हणून पाठ सरळ हवी, आणि लग्न मोडू नये म्हणून पट्टा कोणाला दिसता कामा नये. अशा घरात पट्टा शाळेत निघताना उतरतो, आणि डॉक्टरांनी विचारले की तास वाढवून सांगितले जातात. त्या असत्याचा दोष एकट्या मुलीच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

अल्पवयीन मुलीची संमती ती काय, असा आक्षेप यावर घेता येतो, आणि तो पोकळ नाही, कारण तिने नको म्हटले म्हणून वाढ थांबून राहत नाही. पण वर आलेल्या कथेतच राजा जनकाच्या सभेत वादासाठी आलेल्या अष्टावक्राला द्वारपालाने अडवले ते देहामुळे नव्हे तर बालवयामुळे, आणि केस पिकल्याने कोणी मोठा होत नाही हे सांगूनच त्याने आत प्रवेश मिळवला. समंगा नदीत स्नान करून त्याचे अवयव सरळ झाले ते त्या सभेतील बंदी नावाच्या पंडिताला वादात हरवल्यानंतर, म्हणजे वाकड्या देहानेच आपले म्हणणे मान्य करून घेतल्यावर. उपचार घ्यायचा की नाही हा निर्णय पालकांचा राहिला, तरी मैत्रिणींपैकी कोणाला सांगायचे, खेळाच्या तासाला पट्टा काढण्याबद्दल डॉक्टरांना काय विचारायचे आणि नातेवाइकांच्या चौकशीला कोणी उत्तर द्यायचे, हे ठरवताना पहिला शब्द मुलीचा असायला हरकत नाही.