खाली वाकल्याशिवाय

चैत्राच्या तोंडावर चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मोह फुलतो. गावातली बाई आधीच झाडाखालचा पालापाचोळा झाडून जागा लख्ख करून ठेवते. पहाटे फुलं टपटप पडतात. टोपली घेऊन ती वाकते आणि एकेक वेचते. फूल केव्हा पडायचं, ते झाड ठरवतं. जागा झाडायची, वेळेवर उठायचं आणि वाकायचं, एवढंच माणसाच्या हाती.

श्रद्धेचंही तसंच. यावलीत १९०९ साली जन्मलेला माणिक वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या पायाशी बसला. गुरूंनी नाव दिलं ‘तुकड्या’. पुढे चिमूर भागातल्या रामदिघी, गोंदेड्याच्या रानात त्यानं एकांतात साधना केली. मोझरीचा गुरुकुंज आश्रम उभा राहिला १९३५ मध्ये, त्यांचा ‘ग्रामगीता’ हा ग्रंथ आला १९५५ मध्ये. लोक त्यांना राष्ट्रसंत म्हणू लागले, तरी भजनातली त्यांची नाममुद्रा ‘तुकड्यादास’च राहिली.

आपल्याला मात्र डोळे मिटताच मन शांत व्हायला हवं असतं. चार दिवसांत काही गवसलं नाही, की पोथी पुन्हा फडताळात जाते.

आज फक्त जागा झाडू या. कालचा राग, कुणाशी धरलेला अबोला आणि ‘मला सगळं ठाऊक आहे’ हा ताठा, एवढा पाचोळा बाजूला सारू. फूल आज पडेल, नाहीतर उद्या. जागा स्वच्छ असली, की ते दिसेल. वेचायला मात्र वाकावं लागेल.