वर्गणीदारांची वही

लेखकाने लिहावे आणि वाचकाने वाचावे, या सरळ व्यवहारात तिसऱ्याचे काय काम, असे एखाद्या भोळ्या माणसाला वाटेल. पण त्या दोघांच्या मध्ये नेहमीच कोणी ना कोणी उभे असते. कधी संपादक, कधी प्रकाशक, कधी पुस्तकविक्रेता. या मंडळींना नमस्कार करून आपला मजकूर परस्पर वाचकाच्या हाती ठेवावा, ही ऊर्मी लेखकाला केव्हा ना केव्हा होतेच. हल्ली तिच्या पूर्तीचे साधनही फार स्वस्त झाले आहे. ज्यांनी आपला पत्ता दिला त्यांना दर आठवड्याला ई-मेलने लेख धाडायचा. कागद नको, शाई नको, टपालाची तिकिटे नकोत. पुण्या-मुंबईचा लेखक जे करतो तेच देवरी तालुक्यातल्या आमच्या चिचगडात बसूनही करता येते. लागतात ते फक्त वाचक. आणि ते कसे वाढवावेत, हे सांगणाऱ्यांचा सध्या सुकाळ आहे.

माझा एक जुना विद्यार्थी नागपुरास असतो. त्याने मला या शास्त्राची दीक्षा देण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. "सर, वार ठरवून घ्या. मथळा असा द्या की माणूस उघडल्याशिवाय राहणार नाही. काही तरी फुकट वाटा आणि त्याच्या बदल्यात पत्ता घ्या. अन् संख्या वाढती ठेवा, सर. संख्या थांबली की सगळं थांबलं." मुलगा गुणी आहे, त्याच्या बोलण्यात कळकळही होती. परंतु त्या शेवटच्या वाक्यापाशी मी अडलो. संख्या थांबली म्हणजे नेमके काय थांबते?

वाचकांची वही ठेवण्याचा हा उद्योग आपल्याकडे काही नवा नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' सुरू केली, तेव्हा ते सरकारी शाळेत मास्तर होते. मासिक म्हणायचे, पण त्यात लिहिणारा जवळजवळ एकच. दर महिन्याला एका माणसाने आपल्या वर्गणीदारांना धाडलेले एक लांबलचक पत्रच म्हणा ना! असे ८४ अंक निघाले. शास्त्रीबोवांनी १८७९ साली सरकारी नोकरी सोडली, दुसऱ्या वर्षी न्यू इंग्लिश स्कूल काढले, आणि १८८२ साली, वयाची बत्तीस वर्षेही पुरी होण्याआधी, ते गेले. मराठी गद्याला त्यांनी जो पीळ दिला तो कोणी नाकारू नये.

पण याच मालेकडे दुसऱ्या बाजूने पाहावे. तिच्यातले जे लेख चवीने वाचले गेले त्यांत जोतीराव फुल्यांची आणि त्यांच्या ग्रंथांची केलेली टवाळी होती. फुल्यांच्या व्याकरणाला हसणारे वाचक शास्त्रीबोवांना मिळाले. फुले काय सांगत होते ते मात्र त्या वाचकांच्या कानांपर्यंत पोचले नाही. वाचक गोळा करण्याचा हा एक फार जुना आणि हमखास मार्ग आहे : आपल्या माणसांना हसायला कोणी तरी परका मिळवून द्यावा. तो मार्ग ई-मेलच्या युगात बंद झाला असेल असे कोणी समजू नये. मला तर वाटते, तो आता डांबरी झाला आहे.

ज्यांची टवाळी होत होती त्यांनीही आपली वही उघडली. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात 'दीनबंधू' काढला. त्यांना हवा होता तो वाचक शेतावर होता, त्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, आणि ज्यांना होती त्यांच्या गाठीला वर्गणी नव्हती. पत्र ओढगस्तीला आले. १८८० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईस नेऊन चालवले. पुढे भालेकरांचेच पुत्र, दत्तक गेल्याने मुकुंदराव पाटील झालेले, यांनी १९१० साली 'दीनमित्र' साप्ताहिक हाती घेतले. आणि तेही शहरात नव्हे, तर अहमदनगर जिल्ह्यातल्या (आता या जिल्ह्याला अहिल्यानगर म्हणतात) सोमठाणे आणि नंतर तरवडी या खेड्यांत राहून. पन्नास वर्षांहून अधिक काळ त्यांनी हे व्रत चालवले. खेड्यातून साप्ताहिक म्हणजे काय, हे खेड्यात राहणाऱ्यालाच कळेल. पावसाळ्यात नाले भरले की टपाल अडते, हे मी सांगायला नको.

मग मुकुंदरावांनी संख्या वाढवण्याची खटपट केली नसेल काय? केलीच असणार. वर्गणीदार नकोत म्हणणारा संपादक अजून जन्माला यायचा आहे. म्हणूनच, 'खऱ्या लेखकाने वाचकांच्या मागे लागू नये, वाचक आपोआप येतील' असे जे कोणी मोठ्या वैराग्याने सांगतात त्यांचे म्हणणे मला पटत नाही. ते वैराग्य बहुधा ज्याच्या दारात मोटार आणि दिवाणखान्यात मित्र आहेत त्यालाच परवडते. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला, तेव्हा शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. आणि पैसे देऊ केले असताही 'केसरी'ने त्या पत्राची जाहिरात छापली नाही. ज्याचे दार दुसऱ्याने लावून घेतले आहे त्याने हाकसुद्धा मारू नये, असे म्हणणे म्हणजे जखमेवर मीठच. आपले लिहिणे लोकांपर्यंत जावे म्हणून दारोदार फिरणे यात लाजण्यासारखे काही नाही. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, पाहुणेरावळे जमतात, आणि रात्रभर नाटक चालते. वडशाच्या नाटक मंडळ्या दिवसा गाडीला भोंगा बांधून खेड्याखेड्यांतून पुकारा करीत हिंडतात. त्या भोंग्याला कोणी हिणकस म्हणत नाही. पडदा वर गेल्यावर काय दिसते यावर सगळे ठरते.

तेव्हा हाक मारण्यात दोष नाही. दोष कुठे शिरतो तो पाहू.

विद्यार्थ्याने मला एक यंत्रणा मोठ्या कौतुकाने दाखवली. आपण धाडलेले पत्र कोणी उघडले, कधी उघडले, किती वेळा उघडले, याचा तक्ता लेखकाला घरबसल्या दिसतो. मी विचारले, हे कळते कसे? तर पत्राच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे एक टिंबाएवढे चित्र दडवलेले असते. वाचकाने पत्र उघडले की ते चित्र आणण्यासाठी त्याचे यंत्र लेखकाच्या बाजूच्या यंत्राकडे जाते, आणि तिथे नोंद होते. म्हणजे जुन्या काळच्या पोस्टमनने पत्र दाराच्या फटीतून आत सरकवावे आणि मग खिडकीशी उभे राहून घरधनी ते वाचतो की चुलीत घालतो हे पाहत बसावे! असा पोस्टमन आमच्या गावात असता तर त्याची बदली व्हायला आठवडा लागला नसता.

गंमत अशी की ही पाळतही आता धड राहिलेली नाही. ॲपल कंपनीने २०२१ साली आपल्या टपालाच्या सोयीत असा बदल केला की वाचकाने पत्र पाहिले असो वा नसो, ते चित्र आपोआप मागवले जाते. त्यामुळे तक्त्यावर 'उघडले' असे दिसणाऱ्यांत कितीकांनी पत्राकडे ढुंकूनही पाहिलेले नसते. पण मोजमाप खोटे ठरले म्हणून मोजण्याचा नाद सुटतो थोडाच!

केव्हिन केली नावाच्या अमेरिकन लेखकाने २००८ साली लिहिले की कलावंताला पोट भरण्यासाठी लाखोंची गरज नाही, खरे चाहते एक हजार असले तरी पुरे. हा विचार मला एकंदरीत शहाणपणाचा वाटतो, कारण तो हाव कुठे तरी थांबवतो. मात्र त्यातला 'खरे' हा शब्द अवघड आहे. मी जे लिहीन ते घेणारा वाचक खरा, की मी चुकलो तर कान धरणारा खरा? हजार जण जर एकाच तोंडाने वाहवा म्हणणारे निघाले, तर एक हजार एकावे वाक्य लिहिताना लेखणी त्यांच्याकडे पाहून थरथरते. वर्गणी थेट वाचकाकडून येऊ लागली की धनी बदलतो. धनी नाहीसा होत नाही. प्रकाशक एकटा असतो, त्याच्याशी भांडता तरी येते.

इथे आगरकर आठवतात. 'केसरी'चे संपादकपद त्यांनी १८८७ साली सोडले आणि पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. जे वाचकाला रुचणार नाही ते त्याच्याच वर्गणीवर त्याला वाचायला घालायचे, हा तो उद्योग. पुण्यातल्या लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. आजच्या हिशेबाने हा माणूस वाचक वाढवण्याच्या परीक्षेत सपशेल नापास व्हायचा. आणि तरीही त्यांचे सगळेच वर्गणीदार त्यांना सोडून गेले नाहीत. मला त्या उरलेल्यांचे फार कुतूहल वाटते. दर आठवड्याला स्वतःच्या घरातल्या रूढीवर कोरडे ओढलेले वाचायचे, चिडायचे, आणि वर्ष संपले की पुन्हा पैसे भरायचे! त्यांची नावे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत.

एका गोष्टीत मात्र नवा काळ जुन्याहून सभ्य आहे, हे कबूल केले पाहिजे. जुन्या मासिकांची व्ही. पी. न मागता दारात येई, ती परत केली की संपादक पुढच्या अंकात नाराजी छापत. याउलट, रोज हजारोंनी पत्रे धाडणाऱ्याने प्रत्येक पत्रात एका टिचकीसरशी बाहेर पडण्याची सोय ठेवलीच पाहिजे, असा दंडक गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून घातला. माझ्या विद्यार्थ्याच्या मते ही टिचकी शक्य तितक्या बारीक अक्षरांत आणि अगदी तळाशी ठेवावी. मी त्याला सांगितले की ती वर, माझ्या नावाशेजारी ठेव. तो हसला. "सर, असं कोणी करत नाही."

तरी त्याने ती तशीच ठेवली. पहिल्याच महिन्यात एकोणीस जण निघून गेले. त्यांतल्या एका गृहस्थांनी जाताना दोन ओळी लिहिल्या होत्या. लेख लांब असतात आणि धानाच्या कापणीत वाचायला सवड होत नाही, मळणी झाली की पुन्हा पत्ता कळवतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे नाव वहीतून खोडले आहे.