शब्दाचे साधन

साहित्याचा अभ्यास करताना कवी कोण, काळ कोणता, आशय काय, रस कोणता, हे आपण आवर्जून विचारतो. पण ही रचना कोणत्या साधनाच्या आधाराने आकाराला आली आणि त्या साधनाने तिच्यात काय काय पेरले, हा प्रश्न बहुधा राहून जातो. वास्तविक ज्या परंपरेत खंडेनवमीला सुतार आपल्या रंध्याला आणि विद्यार्थी आपल्या ग्रंथाला हळदकुंकू वाहतो, त्या परंपरेतल्या माणसाला साधनाचे माहात्म्य वेगळे सांगावे लागू नये. साधन निर्मितीत उतरते, तिच्या अंगी मुरते, आणि म्हणून साधनाचे चिंतन हे साहित्याच्याच चिंतनाचे अंग आहे. या एका शब्दापाशी, वाचकहो, आज आपण थोडे थांबू.

कुडाळजवळच्या पिंगुळीला, गुढीपूर वाडीत, ठाकर समाजाने पिढ्यान्पिढ्या जपलेली चित्रकथी या चिंतनासाठी फार उपयोगी आहे. रामायण-महाभारतातील एकेका आख्यानाच्या सुट्या चित्रांच्या संचाला तिथे पोथी म्हणतात. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, त्यामुळे एक प्रसंग गाऊन संपला की कथेकरी कागद उलटतो आणि पुढचा प्रसंग श्रोत्यांसमोर उभा राहतो. आधी गणपती आणि सरस्वतीचे स्मरण, मग वीणा, हुडुक आणि टाळ यांच्या साथीने कथा. आता या साधनाची मर्यादा पाहा. कागदावरचा राम बाण सोडत नाही, रथ धावत नाही, सीता बोलत नाही. मोठ्या डोळ्यांचे ते चेहरे एका बाजूला रोखून पाहत स्थिर असतात. म्हणून जे जे चालते, धावते, रडते ते सारे आवाजाला पेलावे लागते आणि जे जे थांबते ते चित्र सांभाळते. साधनाला जे जमत नाही तिथूनच कलेची वाट फुटते. कथेकऱ्याचे गाणे तेवढे उतरवून घेऊन त्यालाच संहिता म्हणणाऱ्या अभ्यासकाच्या हाती अर्धीच रचना लागते. उरलेली अर्धी त्या उलटणाऱ्या कागदावर राहते.

याच मुलखातील दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठाऊक असते आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतो. तिथे स्मरण हेच साधन. म्हणजे साधन हाताने धरण्याजोगेच असते असे नाही. कंठ, कान आणि पाठांतर हीसुद्धा शब्दाची साधनेच होत, आणि त्यांनाही त्यांचे त्यांचे शास्त्र आहे.

हेच आता ज्ञानेश्वरीच्या वाटेने पाहू. शके १२१२ मध्ये नेवाशाला ती श्रोत्यांपुढे बोलली गेली. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. वाणी हे तिचे पहिले साधन, म्हणून तर तिच्यात श्रोत्यांशी बोलणे आहे, त्यांचे अवधान मागणे आहे. दुसरे साधन लहियाचा बोरू. या बोरूने ग्रंथ गावोगाव नेला आणि त्याच बोरूने त्यात पाठभेदही शिरवले, कारण प्रत्येक प्रत म्हणजे एक नवा हात. अखेरीस शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथमहाराजांनी तो पाठ शुद्ध केला आणि त्यात कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. साधनाने आणलेला दोष त्यांनी त्याच साधनाने निवारला. फक्त त्यामागे साधना उभी होती.

तिसरे साधन आले ते सिंधुदुर्गाच्या एका सुपुत्राच्या हातून. देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर, ज्यांनी १८३२ मध्ये 'दर्पण' सुरू केले, त्यांनीच १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापून वाचकांच्या हाती दिली, आणि पुढच्याच वर्षी ते गेले. शिळाछपाईची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईची अक्षरे उतरवायची, दगड ओला करायचा, मग शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई धरत नाही, अक्षरांवर तेवढी बसते, आणि वर कागद दाबला की पान उठते. या रीतीत शिशाचे खिळे लागत नाहीत. लागते ते लिहिणाऱ्याचे वळणदार अक्षर. छपाई आली, पण लहियाचा हात गेला नाही. तो दगडातून पुन्हा कागदावर आला. नवे साधन जुन्याला पोटात घेऊन येते, त्याचा हा नमुना. बदलले ते एवढेच की त्या दगडावरून उठणाऱ्या सगळ्या प्रतींचा पाठ एकच झाला, आणि फडक्यात बांधून देव्हाऱ्यापाशी ठेवलेल्या ग्रंथाला घराबाहेरचे वाचक मिळू लागले.

आज ओवी मोबाईलच्या पडद्यावर दिसते, कथेकऱ्याचे गाणे ध्वनिमुद्रित होते. यात भिण्यासारखे काही नाही आणि भुलण्यासारखेही काही नाही. नवे साधन काय वाढवते, काय गाळते आणि वाचणाऱ्याकडून काय मागते, हे तीन प्रश्न बोरूला विचारायला हवे होते तसेच पडद्यालाही विचारायला हवेत. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले, जुन्या पोथ्या आणि कळसूत्री बाहुल्या तिथे मांडल्या; २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पण नुसती मांडलेली पोथी मुकी असते, हे त्यांच्या घराण्याइतके कोणाला कळणार? म्हणूनच त्या घरात पोथी गायली जाते आणि पुढच्या पिढीला शिकवलीही जाते. साधन जपणे ही निम्मी सेवा, ते चालवणारा हात आणि कंठ घडवणे ही उरलेली.

म्हणून साहित्याचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. कोणताही ग्रंथ हाती घेताना त्याच्या कर्त्याला नमस्कार कराच, पण तो ज्या कंठातून, बोरूतून, दगडातून आपल्यापर्यंत आला त्या साधनाचीही नीट ओळख करून घ्या. आणि कधी कुडाळला उतरलात तर पिंगुळीला जा, पोथी नुसती पाहून परतू नका; ती गाऊन दाखवायला सांगा आणि शेवटचा कागद उलटेपर्यंत बसून ऐका.